नाव खरवडलेली टपालपेटी

मित्रांनो, जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या एका जुन्या इमारतीत दाराशी आम्ही आठ टपालपेट्या ओळीने टांगलेल्या आहोत. त्यातली झाकणाला पोचा पडलेली तिसरी पेटी ती मी. कारखान्यात मला राखाडी रंग दिला आणि छातीवर नावाच्या पट्टीसाठी एक खाच ठेवली. इथे फ्लॅटना नंबर नसतात, पोस्टमन नुसतं नाव बघतो. नाव नसेल तर पत्र आल्या वाटेने परत जातं.

पुष्कळ वर्षं मी एका आजीबाईंची होते. दर शनिवारी त्या मला ओल्या फडक्याने पुसायच्या. त्या गेल्या आणि रुपेश राहायला आला. गाड्यांच्या कंपनीतला इंजिनीअर, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बायको कौमुदी आणि सात वर्षांची इरा यांना ऑस्ट्रियात, ग्राझला सोडून तो आला होता. मुलीचा खर्च द्यायचा तिथल्या कोर्टाचा हुकूम होता. कौमुदीवरच्या रागात त्याने तो देणं थांबवलं. कोर्टाचं पहिलं पिवळं पाकीट माझ्यात पडलं, त्या दिवशी त्याने नखाने स्वतःचं नाव खरवडून काढलं. मग तो माझ्याकडे बघेनासाच झाला, तळघराच्या दाराने ये-जा करू लागला.

कोर्टाची पत्रं परत जायची, तशी इराचीही. पोस्टमन तिचं पाकीट माझ्या तोंडाशी धरायचा, मला रंगीत खडूंचा वास यायचा, आणि तो मान हलवून ते पिशवीत टाकायचा. मला बोलता येत नाही हे खरं. तरी त्या लपाछपीत मी सामील होते, याची लाज मला अजून वाटते.

मे महिन्यात पुण्याहून त्याचे वडील, शरदचंद्र आले. ते निवृत्त ड्राफ्ट्समन. इराचे पैसे वेळेवर पाठवतोस ना, असं त्यांनी विचारलं होतं, आणि त्याने हो म्हटलं होतं. मुलाच्या पेटीवर नाव नाही हे त्यांना खुपलं. त्यांनी पट्टीने रेघा आखून, सुरेख रोमन अक्षरांत रुपेशचं नाव लिहिलं आणि माझ्यावर लावलं. किती खूश होते ते!

आठवड्याभरात एक पिवळं पाकीट आणि इराचं पत्र, दोन्ही एकदम आली. दोन्ही जर्मनमध्ये. तळमजल्यावरच्या ऊर्मिलाने ती शरदचंद्रांना तिथेच, माझ्यासमोर वाचून दाखवली. इराने लिहिलं होतं, ‘पपा, माझी तीन पत्रं परत आली. तुझं घर हरवलं का?’ आणि कोर्टाने लिहिलं होतं की तारखेला हजर झाला नाहीस तर वॉरंट निघेल, आणि जर्मन पोलीस तुला पकडून ऑस्ट्रियाच्या हवाली करतील.

शरदचंद्र संध्याकाळपर्यंत जिन्यातच बसून राहिले.

रुपेश तळघराच्या दाराने आला आणि बाबांना शोधत माझ्यापर्यंत पोचला. नावाची पट्टी पाहून त्याचा चेहराच उतरला. “बाबा, नाव कशाला लावलंत? आता पत्र मिळालं असंच धरेल कोर्ट.”

“तुझं नाव मीच ठेवलंय रे. मला वाटलं, ते मिरवायचं असतं.”

तो घाईघाईने सांगू लागला, मी तुमच्याबरोबर पुण्याला येतो, पुढचं पुढे बघू.

“माझ्या घरी लपायला यायचं नाही,” शरदचंद्र म्हणाले. “पोलिसांनी न्यायच्या आधी आपल्या पायांनी जाऊ. मी येतो बरोबर.”

रुपेश पायरीवर बसला. “इरासमोर उभं राहायची लाज वाटते हो.”

“वाटू दे. तशीच घेऊन चल.”

शुक्रवारी सकाळी दोघं ग्राझला जायला स्टेशनकडे निघाले. शरदचंद्रांच्या हातात बॅग होती, रुपेशच्या हातात दोन्ही पाकिटं. जाताना त्याने माझी किल्ली ऊर्मिलाकडे दिली. कोर्ट त्याला काय शिक्षा करेल, इरा त्याच्याशी बोलेल की नाही, मला ठाऊक नाही. माझी धाव या भिंतीपुरती.

एवढंच सांगते, मित्रांनो. तुमच्याही हातून कधी चूक होईल. तेव्हा शोधत येणाऱ्यांपासून तोंड लपवू नका. त्यांच्यात कोण कोण असतं, ते आपल्याला लपल्या जागेवरून दिसत नाही.