मार खाणारा नववा

माझा मालक हरिचंद, त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं त्या साली, म्हणजे १९९९ च्या उन्हाळ्यात, मी वसमतला आले. मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ गेमची पेटी आहे. माझं लाकूडकाम नांदेडच्या सुताराने केलं. आतला खेळ मात्र कुठल्या परक्या देशात तयार झाला, ते मला ठाऊक नाही. बसस्टँडसमोरच्या हरिचंदच्या दुकानात माझ्याभोवती पोरांची झुंबड उडे.

माझ्यात नऊ लढवय्ये होते. पहिल्या आठांपैकी हवा तो निवडायचा आणि बाकीच्यांशी लढायचं. आठही जण गोरे. त्यांत एक बाई होती, तीही गोरीच. नववा काळा, उघडा, केस पिंजारलेला. त्याला निवडताच येत नसे. शेवटी त्याला लोळवलं की खेळ संपे.

पडद्यावरची इंग्रजी नावं पोरांना वाचता येत नव्हती, म्हणून त्यांनी लढवय्यांना गावातल्या माणसांची नावं दिली. गोरे झाले डॉक्टरसाहेब, फौजदार, मास्तर, शेठजी. नवव्याचं नाव पडलं ग्यानोबा. ग्यानोबा सोनुले हळदीच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, हमाली करत. रंगाने काळे, अंगाने धिप्पाड, कुणाच्या वाटेला न जाणारे. तरी दिवसभर माझ्यासमोर आरोळी उठे, "हाण ग्यानोबाला!"

पुढच्या वर्षी मेच्या सुट्टीत त्यांची लेक आकांक्षा बापाचा डबा मोंढ्यात देऊन परत चालली होती. आरोळी ऐकून ती आत आली.

"माझ्या बापाचं नाव काहून घेऊन राहिले रे?"

"तुझा बाप न्हाई गं, ह्यो गेममधला हाय," खेळणाऱ्या पोरांतला स्वप्निल म्हणाला.

"मंग त्याला तुझ्या बापाचं नाव दे की. उकंडराव."

"आमचा बाप गोरा हाय!"

सगळे खिदळले. आकांक्षा हसली नाही.

"हरिचंदकाका, मला ग्यानोबा घेऊन खेळायचंय."

"त्याला घेता येत न्हाई, लेकरा. तो निस्ता मार खायला हाय."

हरिचंद खोटं बोलला नव्हता. मला बनवलंच तसं होतं. ज्यांनी बनवलं त्यांचा मला आजही संताप येतो.

आकांक्षा रोज येऊ लागली. पोरं चिडवत, ती शिकत राहिली. सुट्टी सरता सरता डॉक्टरसाहेबाला घेऊन तिने बाकीच्या सातांना हरवलं. समोर नववा उभा राहिला. तिने दांडीवरचे हात काढले आणि मागे बांधले. नवव्याने डॉक्टरसाहेबाला आडवं केलं.

"हरली! हरली!" स्वप्निल ओरडला.

"मी हरले. ग्यानोबा जिंकला. तसं म्हण."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच आरोळी.

आज मी हरिचंदच्या गोठ्यात पडून आहे, माझ्यावर कोंबड्या बसतात. त्याची मला तकलीफ नाही. मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी खेळ बनवेल. त्यात काळ्या माणसाला निवडता आलं पाहिजे, त्याला जिंकता आलं पाहिजे. आणि पडद्यावरच्या राक्षसाला कष्टाच्या माणसाचं नाव देऊ नका. तो राक्षस त्या माणसाला मरेपर्यंत चिकटतो.

मी अजून दुकानात होते तेव्हा एका सकाळी कुणीतरी सांगत आलं, "ग्यानोबा गेला."

"कुणी मारला? कोणता गडी घेतला होता?" पोरांनी विचारलं.

ग्यानोबा सोनुले, राहणार वसमत, ११ मार्च २००३ रोजी मोंढ्यात पोत्यांच्या थप्पीखाली सापडून वारले.