हार्लन रुपची रायफल

लमार फेटेरॉल्फने डॉलरची नोट रायफलच्या नळीखाली, लोखंड आणि लाकूड यांच्या फटीत सरकवली आणि तो ती हलक्या हाताने मागे ओढत नेऊ लागला. वीतभर गेली आणि अडकली. पेन्सिलीला गुंडाळलेला पॉलिशपेपर त्याने पुन्हा उचलला. नळी लाकडाला टेकली की नेम हलतो, हे पेनसिल्व्हेनियाच्या त्या खोऱ्यात चर्चच्या पाद्र्यालाही माहीत होतं.

"अजून किती खरवडणार?" कपडे धुण्याच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या वेराने, त्याच्या बायकोने विचारलं. "शेवटी चमचाच उरेल त्याचा."

"लाकूड फुगलंय. हार्लनने लक्षच दिलेलं नाही."

"गेलेल्या माणसाबद्दल जरा बरं बोलावं."

"तो गेला म्हणून लाकूड बसत नाही ना."

रायफल हाती येऊन सात आठवडे झाले होते. कुरणात बिळं पाडून गाईंचे पाय मोडणारे ग्राउंडहॉग नावाचे घुशीसारखे प्राणी दूरवरून टिपायला एकोणीसशे पन्नासच्या दशकात बनलेली, लांब जड नळीची, अक्रोडाच्या दस्त्याची. हार्लन मार्चमध्ये गेला आणि त्याची बायको एर्मा ती दूरच्या कुठल्याशा दुकानदाराला देऊन टाकणार होती. लमारने तिच्या दारात उभं राहून ती मागून घेतली. नेमबाजांच्या क्लबात, कॉफीच्या यंत्रावरच्या भिंतीवर, एकतीस वर्षं निशाण्याचा एक कागद काचेमागे लटकत होता. शंभर यार्ड, याच रायफलीच्या पाच गोळ्या आणि पाचांचं मिळून एकच भोक, दहा सेंटच्या नाण्याखाली झाकलं जाईल एवढं. खाली हार्लनची सही. त्या कागदाकडे बघून बघून लमारने आपल्या तीन चांगल्या रायफली विकून टाकल्या होत्या. तिन्ही पाच गोळ्या इंचभरात घालायच्या. पण भिंतीवर तो कागद असताना इंचभर म्हणजे ढेकूळ फेकून मारल्यासारखं वाटायचं.

बेअरिंगच्या कारखान्यात छत्तीस वर्षं तो मोजमाप तपासायच्या कामावर होता. केसभराने चुकलेला माल त्याने ट्रकच्या ट्रक परत पाठवला होता आणि त्यानंतर घरी येऊन पोटभर जेवला होता. म्हणून पहिल्या दिवशी रायफलीच्या पाच गोळ्या पावणेदोन इंचांत पसरल्या, तेव्हा तो चिडला नाही. त्याने स्क्रू आवळले. दोन इंच. दुर्बिणीच्या कड्या बदलल्या, नळीतून घातलेली चिंधी पांढरीशुभ्र बाहेर येईपर्यंत आतून घासली, काडतुसातली दारू कणाकणाने तोलली. पावणेदोन, दोन, पुन्हा पावणेदोन. डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाला, तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. विकलेल्या तिघींपैकी एक रायफल त्याने चुलतभावाकडून तासाभरासाठी मागून आणली आणि पाच गोळ्या झाडल्या. इंचाच्याही आत.

त्या दिवशी मात्र तो चिडला. आता लाकूड खरवडून झालं, नोट टोकापासून पार मागपर्यंत सुळकन गेली, आणि पाच गोळ्यांचा पुंजका आला सव्वादोन इंचांचा. लमारने मोजायचं व्हर्नियर डबीत ठेवलं, डबी बंद केली आणि क्लबच्या अध्यक्षाला, क्लेटनला फोन लावला.

"शनिवारी मला चार शब्द बोलायचेत. सगळ्यांसमोर. आणि स्क्रूड्रायव्हर तयार ठेव."

"स्क्रूड्रायव्हर कशाला?"

"भिंतीवरची ती फ्रेम उतरवायला."

"नुसती खिळ्याला अडकवलीय," क्लेटन म्हणाला.

शुक्रवारी लमार एर्माकडे गेला. बाईला आधी सांगायला हवं, एवढी रीत त्याला होती. ती ओसरीवर मटार सोलत बसली होती. तिने पायाने दुसरी खुर्ची पुढे सरकवली आणि ढीगभर शेंगा त्याच्या पुढ्यात टाकल्या.

"एर्मा, ती रायफल नेम धरत नाही."

"नाही धरत," एर्मा म्हणाली.

भांडायची जय्यत तयारी करून आलेल्या माणसाला याहून मोठा अपमान नसतो.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"एकतीस वर्षं."

"आणि तो कागद? तो खोटा?"

"खरा आहे. मी होते ना तिथे, गाडीत विणत बसले होते. पाच आवाज आले आणि मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं पडला की काय कुठे. जाऊन बघते तर कागदासमोर टोपी काढून उभा."

ती उठून आत गेली आणि एक जाडजूड वही घेऊन आली. हार्लनचं बारीक, डावीकडे कललेलं अक्षर. घरामागच्या कुरणात एकट्याने झाडलेल्या दर खेपेची तारीख, काय बदललं ते आणि पुढे पुंजक्याचं माप. स्क्रू आवळले, दोन. कड्या बदलल्या, पावणेदोन. लमारने सात आठवड्यांत जे जे केलं होतं ते हार्लनने चौथ्या पानापर्यंत उरकलं होतं. नोट अडकते, लाकूड खरवडलं, सव्वादोन. त्याखाली: खरवडायला नको होतं. त्याखाली: परत भरलं, दोन. मग पानंच्या पानं. इंचाच्या आतलं माप एकच, अगदी पहिल्या पानावर.

"मग सांगायला काय झालं होतं?" लमारचा आवाज चढला. "एकदा लागलं म्हणजे काय रायफल चांगली? तीन रायफली विकल्या मी त्यापायी. तीन. माणसाने तोंड उघडावं ना."

"उघडायला गेला होता. महिनाभर झगडून बघितलं आणि मग गेला सांगायला. तोवर क्लेटनने काच बसवून आणली होती. सगळे टाळ्या वाजवत होते म्हणे. तूसुद्धा."

"मी नव्हतो वाजवत."

"सगळ्यात जास्त तूच, म्हणायचा तो."

लमारने शेंग इतक्या जोरात फोडली की दाणे ओसरीवरून खाली गवतात गेले.

"मी दुकानदाराला देणार होते, कारण त्यानेच तसं सांगून ठेवलं होतं," एर्मा म्हणाली. "कोणालाही दे, पण लमारला नको. तू दारात येऊन उभाच राहिलास, मग मला नाही म्हणवेना."

"का? मीच काय घोडं मारलं होतं त्याचं?"

"तू मोजशील, म्हणाला."

उरलेल्या शेंगा दोघांनी सोलून संपवल्या. जाताना तिने वही पुढे केली. त्याने ती घेतली नाही. मग गाडीपर्यंत गेला, परत आला आणि घेतली.

शनिवारी नेहमीपेक्षा जास्त माणसं जमली होती. क्लेटनने सगळ्यांना सांगून ठेवलं असावं. नऊ जण कागदी पेले धरून भिंतीशी उभे होते. लमार रायफल घेऊन आत आला आणि तिला पेटीतून न काढताच त्याने टेबलावर ठेवलं.

"बोल बाबा," क्लेटन म्हणाला. "चार शब्द बोलणार होतास."

लमारने भिंतीकडे पाहिलं. काचेवर कॉफीच्या वाफेचा तपकिरी थर बसला होता. आतलं भोक कळायला आधीपासून माहीत असावं लागत होतं.

"ही काच कोणी पुसत का नाही?" तो म्हणाला. "एकतीस वर्षांत एकालाही फडकं मिळालं नाही? लाज वाटली पाहिजे."

त्याने खिशातून रुमाल काढला, काच पुसली, फ्रेम खिळ्यावर सरळ केली.

"एवढंच?" क्लेटनने विचारलं. "आणि रायफल? लागते का?"

"लागते."

"किती?"

"तेवढंच," लमार म्हणाला आणि काचेकडे हनुवटी केली. छत्तीस वर्षांत त्याने इतकं ढोबळ माप कोणाला दिलं नव्हतं.

"मग झाड की पाच," मागून कोणीतरी म्हणालं. "आम्हीही बघू."

लमार दारापाशी गेला. बाहेर शंभर यार्डांवर निशाण्याचे कोरे कागद लावून ठेवलेले होते. बाजूला वारा बघायची नारिंगी झेंडी काठीला चिकटून सरळ खाली लोंबत होती. तो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"आज वारा आहे," तो म्हणाला.

क्लेटन त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्यानेही झेंडीकडे पाहिलं, मग कॉफीचा घोट घेतला.

"आहे खरा," तो म्हणाला. "हार्लन असतानाही दर शनिवारी असायचा."