केकखालचा प्रबंध

आमच्या चिरंजिवांना कशाचाही सोहळा करायला आवडतो. धाकट्याला पहिला दात आला, सोहळा. तो पालथा पडला, सोहळा. दर महिन्याला फरशीवर पांढरी चादर अंथरायची, बाळाला मधोमध ठेवायचं, शेजारी लाकडी आकडा मांडायचा आणि स्वतः स्टुलावर चढून फोटो काढायचे. तेवढ्यात बाळानं चादरीवर कार्यक्रम उरकला की स्टुलावरूनच हाक, "अगं, बघ जरा!" ही हाक सुनेला. स्टूल बिचारं तिथंच राहतं, तेही मागाहून तीच उचलते.

तरी बरं, हा गुण कुठून आला ते मला ठाऊक आहे. एकुलता एक. त्यानं स्वतःच्या हातानं बुटाची नाडी बांधली तेव्हा मी शेजारणीला बोलावून आणलं होतं. शाळेत निबंधाचं बक्षीस मिळालं तेव्हा पहिल्या रांगेत बसून हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. त्या निबंधाबद्दल पुढे सांगते.

मी बाइंडर. विद्यापीठासमोरच्या गल्लीत तीस वर्षं पुस्तकं बांधली, त्यांतली निम्मी प्रबंधांची. लोकांचे प्रबंध मी वाचले नाहीत, तेवढी अक्कल नाही आणि हौसही नाही. पण ऋणनिर्देशाचं पान मात्र एकही सोडलं नाही. खळ वाळेपर्यंत करायचं काय? सगळे पुरुष एकच लिहायचे, पत्नीनं संसाराची झळ लागू दिली नाही. आणि बायका काय लिहायच्या? यजमानांनी परवानगी दिली. मी आपली पान मिटायची आणि वर वजन ठेवायची.

आमच्या सुनेचा प्रबंध कोठारातल्या धान्याला लागणाऱ्या बुरशीवर. सात वर्षं चालला. मधे दोन पोरं झाली आणि दोन बाळंतपणांना दोन मुदतवाढी खर्ची पडल्या. थोरली चिमी चार वर्षांची, धाकटा गब्दुल वर्षाचा होणार. ही बाई एका हातानं पोराला थोपटत दुसऱ्या हातानं टंकायची. एकदा भाताचा कुकर लावला आणि तांदूळ घालायलाच विसरली. मी बडबडले, नाही असं नाही. म्हटलं, बुरशीचं पोट भरतेस, आमचं कधी? ती हसली आणि पुन्हा टंकायला बसली.

शेवटची तारीख शनिवार, संध्याकाळी पाच. चार प्रती, चारही बांधलेल्या, प्रत्येकीत मार्गदर्शक बाईंच्या सहीचं प्रमाणपत्र. पाच वाजून एक मिनिट झालं की नोंदणी रद्द, सात वर्षं पाण्यात. तिसरी मुदतवाढ नाही, असं पत्रच आलं होतं. आणि त्याच शनिवारी गब्दुलचा पहिला वाढदिवस!

सून म्हणाली, "वाढदिवस पुढच्या आठवड्यात करू या का?"

चिरंजीव म्हणाले, "पोरगं पुढच्या आठवड्यात जन्मलं होतं का? उलट एकत्रच करू. बाळाचं एक वर्ष आणि आपली पीएचडी!"

आपली! उचलली जीभ लावली टाळ्याला. सात वर्षांत ह्यानं बुरशी पाहिली ती फक्त स्वतःच्या डब्यात, शुक्रवारचा डबा सोमवारी उघडला तेव्हा.

छापून यायला गुरुवार उजाडला. दुकानात टाकलं असतं तर तीन दिवस, म्हणून मी म्हटलं, आण इकडे. माझं सामान अजून पलंगाखाली आहे. सुई, दोरा, पातं, खळीचं भांडं, लोखंडी वजनं. शुक्रवारभर बसून चारही प्रती शिवल्या, काळ्या कापडाचे पुठ्ठे चढवले, खळ लावली आणि माझ्या खोलीत वजनाखाली ठेवल्या. घरात सगळ्यांना बजावलं, शनिवारी दोनपर्यंत कुणी हात लावायचा नाही. ओलं पुस्तक वजनाखालून काढलं की पुठ्ठा वाकतो. आमच्या धंद्यात हे झाडूवाल्यालाही ठाऊक असतं. चिमीनं मान डोलावली. चिरंजिवांनीही डोलावली, फोनकडे बघत.

शनिवारी दोनला मी वजनं उचलली. प्रती तीन.

पुन्हा मोजल्या. पलंगाखाली बघितलं. सून दारात उभी होती, कडेवर गब्दुल, केस ओले. तिला काही विचारावं लागलं नाही, माझ्या तोंडाकडे बघूनच तिनं पोराला खाली ठेवलं.

बाहेरच्या खोलीत फुगे लावलेले. टेबलावर दोन मजली चॉकलेटचा केक, आणि त्या केकखाली काळं कापड. हो, आमची चौथी प्रत! केकला उंची कमी पडत होती, मागचे फुगे फोटोत येत नव्हते. सकाळी अकरापासून तीन किलोचा केक त्या ओल्या पुस्तकाच्या एका कोपऱ्यावर बसला होता.

"अरे, हे काय केलंस?" मी ओरडले.

"अगं आई, नुसतं खाली ठेवलंय. नंतर मला त्यातलं वाचायचंय ना, पाहुण्यांसमोर. एक पान."

केक उचलून बाजूला ठेवला. पुठ्ठा तिरका वळलेला, कापडावर क्रीमचा ओघळ, कोपरा दबलेला. पुस्तक उघडलं तर आपोआप ऋणनिर्देशच उघडला, इतकं ते पान आधीच चाळलेलं. आणि कडेला चॉकलेटच्या अंगठ्याचा ठसा. साहेबांनी वाचनाची तालीम केली होती, तीही केक चाखून. बाकी पानं स्वच्छ होती, सहीचं पानसुद्धा.

सून रडली नाही. तिनं घड्याळाकडे बघितलं. "आई, होईल?"

"खळ कालवायला घे," मी म्हटलं.

शीर्षक छापून घेतलेला पुठ्ठा मी नेहमी एक जास्तीचा करते. तीस वर्षांची सवय, गिऱ्हाईक कधी काय सांडेल नेम नाही. ओला पुठ्ठा सोडवून काढला, अस्तराचे कागद बदलले. बाहेर पाहुणे यायला लागले होते. चिरंजीव दारातून डोकावून म्हणाले, "किती वेळ लागेल? तीनचं सांगितलंय सगळ्यांना." मी पातं हातात धरून नुसतं बघितलं. डोकं बाहेर गेलं.

मग ते ठशाचं पान. शुक्रवारच्या घाईत वाचायचं राहिलं होतं, आता वाचलंच. सवयच ती. 'माझ्या पतीने केलेला त्याग शब्दांत मावणारा नाही. मुले झोपवण्यापासून प्रबंधाच्या दिशेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर त्यांचा हात होता. खऱ्या अर्थाने ही पदवी त्यांची आहे.' असं अर्धं पान. गब्दुलला ह्यानं झोपवल्याचं मला एकदाच आठवतं, आणि तेव्हा आधी हाच झोपला होता.

"हे तू लिहिलंस?" मी विचारलं.

"नाही," सून म्हणाली. तिचे हात खळीत होते. "त्यानंच टंकून दिलं. म्हणाला, तुझा वेळ वाचेल. खरंच वेळ नव्हता आई, चिमीला ताप होता. राहू दिलं."

"आता नवीन छापायला वेळ नाही. असंच जाऊ द्यायचं?"

तिनं त्या अंगठ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, म्हणजे आमच्याकडे होता त्या मानानं बराच.

"काढा ते पान," ती म्हणाली.

तीस वर्षांत मी कुणाच्या पुस्तकातून पान काढलं नव्हतं. आमच्यात ते पापच. पण पातं असं काही सरळ गेलं की काय सांगू! ऋणनिर्देश नाही म्हणून कुणाचा प्रबंध परत आल्याचं मी ऐकलेलं नाही.

"बाकीच्या तिन्हींतूनही," ती म्हणाली. "चारही सारख्या हव्यात." मी तिन्हींतूनही काढलं.

पुस्तक नव्या पुठ्ठ्यात बसवलं तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. खळ ओली. वजनाखाली ठेवायला वेळ कुठला? मी लुगड्याचा पदर खोचला आणि म्हटलं, चल, वजन बरोबर घेऊन जाऊ. पंचाहत्तर किलो आहे.

बाहेरच्या खोलीत तीसेक माणसं. चिरंजीव म्हणाले, "निघालात? अगं, केक तरी कापून जा! मी आलो असतो सोडायला, पण पाहुणे..." सुनेनं गब्दुलचा पापा घेतला, चिमीला म्हणाली, "बाळाकडे लक्ष दे." चार वर्षांच्या पोरीला सांगावं लागलं ते.

टॅक्सीत मी ती प्रत दोन कोऱ्या कागदांत धरून सीटवर ठेवली आणि तिच्यावर बसले. चालक आरशातून बघायला लागला. म्हटलं, "पुढे बघ बाबा, मी शिक्षणावर बसलेय." सून सात दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. नाक्यावर सिग्नल लागला. दुसऱ्या नाक्यावरही लागला. ती तिन्ही प्रती छातीशी धरून ओठांनी मिनिटं मोजत होती. तिच्या फोनवर फोटो आला. केक कापला होता. चिरंजीव मधोमध, गब्दुलच्या हातात सुरी, खाली लिहिलेलं, 'आमच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस.' पोराचा पहिला वाढदिवस, आणि फोटोत आई नाही. सुनेनं फोन पालथा घातला.

कचेरीत पोचलो तेव्हा साडेचार. पुढे दोघे रांगेत. मी बाकावर पुस्तक ठेवलं आणि पुन्हा बसले. आमचा नंबर आला तेव्हा कारकून म्हणाला, "चार प्रती म्हटलंय, ह्या तीन आहेत."

"चौथी उबवतेय," मी म्हटलं आणि उठले.

त्यानं पुठ्ठा अंगठ्यानं दाबून बघितला. आमची जुनी ओळख, पोरगेला होता तेव्हापासूनची. "मावशी, ओलं आहे."

"वाळेल. उभं ठेवू नका, आडवं ठेवा, वर जाडजूड काहीतरी. केक नको."

त्याला काही कळलं नाही. त्यानं सह्या बघितल्या, चार शिक्के मारले, पावती दिली. पाचला दहा कमी होते. सून पावती हातात धरून तिथंच उभी राहिली. मी तिला कोपराला धरून बाहेर आणलं.

घरी आलो तर निम्मे पाहुणे बसलेलेच. चिमी धावत आली, गब्दुलचा चेहरा चॉकलेटनं माखलेला, तो थेट आईच्या मांडीवर. ती खुर्चीत टेकली आणि पाच मिनिटांत पोराला धरल्या धरल्या झोपली, पायांत चपला तशाच.

आमच्या चिरंजिवांनी चमच्यानं पेला वाजवला. "मंडळी, आता मुख्य कार्यक्रम! प्रबंधातलं एक पान वाचणार होतो. पुस्तकं तर जमा झाली. हरकत नाही." त्यानं डोळे मिटले आणि सुरुवात केली. 'माझ्या पतीने केलेला त्याग शब्दांत मावणारा नाही...' सबंध अर्धं पान, एक शब्द इकडचा तिकडे नाही. आवाज मधेच दाटून आला, तोही अगदी योग्य ठिकाणी. बायका डोळे पुसायला लागल्या. आयत्या पिठावर रेघोट्या मारणारे खूप पाहिले, पण रेघोट्या पाठ म्हणून दाखवणारा हा पहिलाच!

टाळ्या झाल्या. त्यानं माझ्याकडे बघितलं. लहानपणी बघायचा तसंच, पहिल्या रांगेकडे.

माझे हात मांडीवर होते. नखांत खळ वाळली होती.

"आई, टाळ्या?" तो हसत म्हणाला.

"पाठ आहे तुला," मी म्हटलं. "असणारच. लिहिलंयस तूच."

त्याचे कान लाल झाले. "आई, काय हे! सगळ्यांसमोर?"

"निबंधाचं बक्षीसही सगळ्यांसमोरच घेतलं होतंस. तो निबंध मी लिहिला होता. रात्री बसून, तुझ्यासारखं अक्षर काढून. आणि सकाळी मीच पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते. हे आज सांगतेय, तीस वर्षं उशिरा. चूक माझी. पण आता हे हात नाही वाजायचे."

चिरंजीव पेला हातात घेऊन उभे राहिले, तो ठेवायचा कुठे हेही त्यांना सुचेना. एका पाहुणीनं पर्स शोधायला घेतली. चिमी मधे उभी राहून आळीपाळीनं आमच्याकडे बघत होती.

तेवढ्यात सून दचकून जागी झाली. गब्दुलला घट्ट धरत म्हणाली, "किती वाजले?"

"पाच वाजून गेले," मी म्हटलं. "दिलंय आपण. झोप."