बोंबलांच्या खोपटात उमटलेल्या रेघा

मित्रांनो, मी मुळात शोभेचे मासे ठेवायची काचेची टाकी. पालघरच्या दुकानात माझा एक कोपरा टवकला आणि मला कोणी विकत घेईना. धर्माजी मास्तरांनी मला घरी नेलं. उलटी करून तोंडाला काळा रंगवलेला पत्रा बसवला, आतून वरच्या बाजूला लोकरी कापडाची पट्टी चिकटवली. पट्टी स्पिरिटने भिजवायची, पत्र्याखाली बोईसरच्या कारखान्यातून आणलेला कोरडा बर्फ ठेवायचा आणि अंधारात बाजूने बॅटरी मारायची. मग माझ्या पोटात धुकं साचतं आणि त्यात पांढऱ्या रेघा उमटतात. प्रत्येक रेघ म्हणजे नुकत्याच गेलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका कणाची वाट.

मास्तर विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. तेरा वर्षं त्यांनी मला शाळाशाळांतून फिरवलं. मुलं श्वास रोखून बघत. कौतुकाची सवय मला लागली, आणि त्यांनाही.

गेल्या उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या दातिवरे गावात अंधाराची जागा मिळेना. नलूबाय तांडेलांनी आपलं सुक्या मासळीचं खोपट दिलं. मास्तरांनी मला एका उपड्या क्रेटवर ठेवलं. मागे हंगामभर वाळवलेले बोंबील छपरापर्यंत रचलेले.

रेघा उमटल्या. मुलांबरोबर बायकाही वाकल्या.

"हे किरण," मास्तर म्हणाले. "मोठा तारा फुटला की त्याचा वायू सेकंदाला हजारो किलोमीटरने बाहेर धावतो. पुढचा शांत वायू वेळेत बाजूला होऊ शकत नाही. तिथे धक्क्याची लाट तयार होते, भिंतीसारखी."

"भिंतीनं काय व्हतं?" नलूबायने विचारलं.

मास्तरांनी दोन रिकामे क्रेट जमिनीवर समोरासमोर ठेवले, मध्ये गोटी सोडली आणि मुलांना दोन्ही क्रेट एकमेकांकडे ढकलायला लावले. प्रत्येक टोल्यानिशी गोटीचा वेग वाढला.

"लाटेच्या दोन्ही बाजूंना चुंबकी गुंता असतो. कण इकडून तिकडे जातो, गुंता त्याला परत फिरवतो. दोन्ही बाजू जवळ येत असतात, म्हणून दर फेरीला थोडा वेग मिळतो. बरेच कण बाजूने निसटतात. जे शेकडो वर्षं अडकून राहतात, ते जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने सुटतात. आपल्या हवेवर येऊन फुटतात. त्यांचे तुकडे हे."

"म्हंजे दोन सुनांच्या मधी सासू!" नलूबाय म्हणाली. "हिकडून टोला, तिकडून टोला, आनि म्हातारी पळतेय जोरात."

सगळं खोपट हसलं. त्या हशात सुजीत नावाच्या तरुणाने मोबाईलवर माझा व्हिडिओ घेतला. चित्रात मी होते, माझ्यातल्या रेघा होत्या आणि मागे बोंबलांचा ढीग. मास्तरांचं बोलणं हशाखाली बुडालं. ऐकू आला तो एकच शब्द, किरण. तारापूरचं अणुकेंद्र सगळ्यांना ठाऊक, म्हणून किरण म्हटलं की लोकांना धास्ती. दोन दिवसांत ते चित्र नव्या मथळ्यासह बोईसरभर फिरलं: मासळीतून किरण निघतात.

नलूबायचा माल दरवर्षी बोईसरचे व्यापारी मेहुलभाई उचलत. या वेळी टेम्पो आला नाही.

"मास्तर, तुमीच आनलंत हे," ती दारात उभी राहून म्हणाली. "पाऊस लागायच्या आत माल नाय उचलला तर बुरशी खानार त्याला. निस्तरा आता."

मास्तर तिला आणि मला घेऊन बेटेगावला गेले. तिथे ना समुद्र, ना मासळी. रेघा तशाच उमटल्या.

"हिथं पन हायत!" ती म्हणाली.

"सगळीकडे असतात. लांब सरळ बऱ्याचशा आकाशातून येतात. आखूड, जाड असतात त्या हवेतून, मातीतून."

"मग त्या दिवशी माज्या खोपटात हे का नाय बोललात?"

मास्तरांनी बॅटरी विझवली आणि मला उचललं.

मेहुलभाईंच्या गोदामातही मला मांडलं. त्यांनी पाच मिनिटं वाकून पाहिलं.

"मास्तर, मला पटलं," ते म्हणाले. "पण गिऱ्हाईक तुमची पेटी बघून विचारत नाही. मोबाईल बघून विचारतं."

जूनच्या पहिल्या आठवड्यात ते बोंबील कोंबड्यांच्या खाद्यासाठी गेले. श्रावणात मास्तर गेले. त्यानंतर मी माळ्यावर होते. माझी पट्टी कसरीने खाल्ली.

मास्तरांच्या मुलीने, भावनाने, दिवाळीनंतर मला खाली काढलं, नवी पट्टी लावली. मला शाळेला द्यायचं ठरवलं, पण आधी ती दातिवऱ्याला गेली.

"काकी, बाबांची पेटी शाळेला देऊ का?"

नलूबाय बोंबील टांगत होती.

"दे ना गो पोरी. तुजा बाप खोटं नाय बोलला. फक्त अर्दं बोलला." मग म्हणाली, "पन पेटी दाखवायच्या आदी पोरांना सांगायचं, नलूची मासळी चांगली व्हती."

मित्रांनो, काच तडकते, पट्टी कुजते. ते सांभाळता येतं. कोणाच्या घरात बसून आपण काय दाखवतो आहोत आणि त्याचं काय पणाला लागलं आहे, हेही सांभाळा. आम्ही दोघं तिथे चुकलो.

म्हणून आधी हे ऐका. नलूबाय तांडेलची मासळी चांगली होती. आता दिवे घालवा.