सिंगापूरहून न आलेली कॅसेट

मित्रांनो, मी व्हिडिओ गेमची एक जुनी कॅसेट आहे. आणि आधीच सांगून टाकते, नकली आहे. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

हातात धरून खेळायचं एक छोटं यंत्र असतं. त्याच्या पाठीत खोचायची, आगपेटीहून थोडी मोठी अशी प्लॅस्टिकची वडी म्हणजे मी. जाणकार मला कार्ट्रिज म्हणतात. मुंबईतल्या आमच्या चारकोपात सगळे कॅसेटच म्हणायचे.

माझा जन्म कुठल्या शहरात झाला ते मला माहीत नाही. एक लांबलचक टेबल आठवतं आणि त्याच्याभोवती भराभर चालणारे हात. ज्यांनी मला बनवलं त्यांना घाई होती. माझ्या लेबलचा निळा रंग थोडा फिका उतरला. पाठीला तीन पाकळ्यांचा खास स्क्रू हवा होता, तिथे साधा फुलीचा बसवला. आतल्या खेळात मात्र त्यांनी काही कमी केलं नाही. पिवळ्या टोपीतला एक खाणकामगार खाणीत उतरतो, खड्डे चुकवतो, हिरे गोळा करतो. खऱ्या कॅसेटमध्ये तो जेवढा उंच उडी मारायचा, तेवढीच माझ्यातही मारायचा.

मी आले ती मालाडच्या बाजारात. कॅल्क्युलेटर, पट्टे आणि घड्याळं यांच्या गर्दीत काचेखाली पडून होते. एका संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर नंदकिशोरकाका तिथे आले. त्यांच्या ऑफिसने त्यांना प्रशिक्षणासाठी सिंगापूरला पाठवलं होतं आणि ते आदल्याच दिवशी परतले होते. त्यांचा मुलगा यज्ञेश शाळेत होता. त्याच्याकडे आत्याने पाठवलेलं यंत्र होतं, पण सोबतच्या एकुलत्या एका कॅसेटचा त्याला कंटाळा आला होता. निघताना त्याने बजावलं होतं, "बाबा, ओरिजिनल आणा हं. इथे सगळ्या डुप्लिकेट मिळतात." तिकडे प्रशिक्षण संपेपर्यंत रोज दुकानं बंद व्हायची. घरी पोचल्यावर दारात उड्या मारणाऱ्या मुलाला नाही म्हणवेना, म्हणून काकांनी थाप मारली होती, "एक बॅग मागे राहिलीय, उद्या मिळेल."

"एकदम ओरिजिनल जैसा है साहब," दुकानदार मला पुढे करत म्हणाला.

"जैसा मतलब?"

"मतलब ओरिजिनलच!"

काकांनी मला उलटसुलट करून पाहिलं. मग त्यांनी मला विकत घेतलं, खिशातून सिंगापूरच्या विमानतळावरची एक पातळ पिशवी काढली आणि मला तिच्यात ठेवलं. मित्रांनो, तेव्हाचा त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. चोरी पकडली जाईल ही भीती त्यावर होती, आणि मुलगा हसेल हा आनंदही.

मुलगा हसला. मला घेऊन तो चारकोपच्या आमच्या सेक्टरभर फिरला. "सिंगापूरची आहे, हात धुऊन ये!" असं तो प्रत्येकाला सांगायचा. हात न धुता मला धरायची परवानगी फक्त सुयोगला होती. सुयोग म्हणजे समोरच्या ओळीतल्या दत्तारामभाऊंचा मुलगा. गिरणी बंद पडल्यावर दत्तारामभाऊ चारकोपच्याच औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कामाला लागले होते. एकाने खेळायचं आणि दुसऱ्याने पुढचा खड्डा कुठे आहे ते सांगायचं, अशी या दोघांची पद्धत होती. एवढं मोलाचं मला त्याआधी कुणी मानलं नव्हतं.

लवकरच दसरा आला. यज्ञेशच्या आई कुंदाताई शिवणकाम करायच्या. दसऱ्याला त्या शिलाई मशीन, कात्री, काकांचं पेन, मुलाची पुस्तकं असं सगळं मांडून पूजा करायच्या. यज्ञेशने हट्टाने मलाही त्यात ठेवलं. कुंकू जरा पातळ झालं होतं. ते माझ्या कपाळावरून ओघळलं आणि थेट तोंडातून पोटात गेलं. यंत्राच्या पडद्यावर काही उमटेना. यज्ञेशने भोकाड पसरलं. सुयोग धावत घरी जाऊन वडिलांचा रंगाचा ब्रश घेऊन आला आणि त्याने माझं तोंड साफ केलं. मी पुन्हा चालू लागले. पोटातलं कुंकू मात्र आतच वाळलं.

पुढच्या मे महिन्यात यज्ञेशने मला यंत्रासकट सुयोगकडे दिलं, गावी न्यायला. सुयोगच्या आईने, रत्नप्रभाबाईंनी, मला रुमालात बांधलं. "लोकांची वस्तू आसा ती, हरवलंस तर बघ मगे!" असा मुलाला दम भरला. मालवणजवळच्या त्या घराच्या पडवीत मी सुट्टीभर खेळले आणि शाळा सुरू व्हायच्या आत रुमालासकट घरी परतले. यज्ञेशला सोडून मी बाहेर गेले ती तेवढीच.

मग मुलं मोठी झाली. फोन आले, फोनमध्ये खेळ आले, आणि मी टेबलाच्या खालच्या खणात गेले. याबद्दल माझी तक्रार नाही. खणात सगळ्यांनाच कधी ना कधी जावं लागतं.

नोकरी लागल्यावर, लग्न झाल्यावर यज्ञेशला जुन्या खेळांची ओढ पुन्हा लागली. तो जुनी यंत्रं आणि कॅसेटी जमवू लागला आणि नकली माल ओळखण्यात पटाईत झाला. खऱ्याचं लेबल कसं चमकतं, त्यावर दाबून उमटवलेला बारीक आकडा कुठे असतो, स्क्रू कोणता, वजन किती, हे त्याला तोंडपाठ होतं. लोक लांबून माल दाखवायला यायचे. एकदा अंधेरीहून आकाश नावाचा कॉलेजातला मुलगा आला.

"दादा, ही बघा ना. ओरिजिनल आहे ना?"

"नाही."

"अहो, हातात तरी घ्या!"

"कशाला? फुलीचा स्क्रू इथूनच दिसतोय."

"वाट लागली," आकाश म्हणाला. "आईला सांगितलंय, कलेक्टर लोकांची वस्तू आहे म्हणून."

"थांब, तुला खरी कशी दिसते ते दाखवतो. माझ्या बाबांनी सिंगापूरहून आणली होती," असं म्हणत यज्ञेशने खण उघडला आणि मला उजेडात धरलं.

मित्रांनो, तो क्षण मी विसरले नाही. त्याने माझं लेबल पाहिलं. मला उलटं केलं. स्क्रू पाहिला. नंतर आकाशला काहीच न दाखवता त्याने मला टेबलावर ठेवून दिलं.

बाबांनी ओरिजिनल आणली होती आणि ही ओरिजिनल नाही. मग मधे कुणीतरी बदलली. आपल्याशिवाय घराबाहेर गेली होती ती एकदाच, सुयोगबरोबर. हिशेब त्याला इतका सरळ वाटला की बाबांना विचारायचंही त्याच्या मनात आलं नाही. बाबांना विचारायचं म्हणजे त्यांच्यावरच संशय घ्यायचा. त्याने माझे फोटो काढले आणि लहानपणच्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले: 'सुयोग, माझी कॅसेट गावी विकलीस की बदललीस?' खाली कुणीकुणी हसरे चेहरे टाकले. सुयोगने एकच ओळ लिहिली, 'चोर म्हणतोस मला?' आणि तो ग्रुपमधून बाहेर पडला.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की अरे, मला उघड! माझ्या पोटात तुझ्या आईचं कुंकू आहे, मी गावी जायच्या आधीचं. पण कॅसेटला यंत्राबाहेर आवाज नसतो.

लहानपणापासूनची मैत्री अशी एका फुलीच्या स्क्रूवर तुटली. सुयोग तोवर घाटकोपरला राहायला गेला होता. तरी दर दसऱ्याला तो चारकोपात यायचा, काका-काकूंना आपट्याचं सोनं द्यायला. यज्ञेश घरी नसेल अशी वेळ तो बरोबर साधायचा. मी टेबलावर पडून असायचे, नकली माल कसा असतो ते काकांच्या नकळत लोकांना दाखवायचा नमुना म्हणून. येता-जाता सुयोग माझ्याकडे बघायचा आणि मान फिरवायचा.

यंदाच्या दसऱ्याला यज्ञेश घरीच होता. आपल्या कॅसेटी मांडून पुसत बसला होता. कुंदाताई कुंकवाची वाटी घेऊन आल्या.

"आई, यांना नको! लेबलला डाग पडला की संपलं."

"शिलाई मशीनला चालतं, स्कूटरला चालतं, तुझ्या खेळण्यांनीच काय घोडं मारलंय?"

"खेळणी नाहीत गं ती."

"बरं, मग हिला लावते," त्यांनी मला उचललं. "हिला तर मी आधीच कुंकवाने न्हाऊ घातलंय."

"कधी?"

"आणली त्याच वर्षी. पातळ कुंकू गेलं ओघळून आत, आणि तू घर डोक्यावर घेतलंस. सुयोग ब्रश घेऊन आला म्हणून बरं. तेव्हापासून तूच मला हिला हात लावू देत नाहीस."

यज्ञेशच्या हातातला कपडा थांबला. तो उठला, आईच्या मशीनच्या खणातला साधा पेचकस घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला उघडलं. आतल्या हिरव्या पट्टीवर लाल खपली होती. खपलीत ब्रशचा एक केस अडकला होता.

"काय झालं?" त्याच्या बायकोने, शर्मिष्ठाने, विचारलं.

"ही तीच आहे. पहिल्यापासून हीच होती. सुयोगने काही केलं नव्हतं."

"मग ओरिजिनल कुठे गेली?"

गॅलरीत नंदकिशोरकाका पेपर वाचत बसले होते. यज्ञेशने तिकडे पाहिलं. शर्मिष्ठाने त्याची नजर पाहिली आणि पुढचा प्रश्न विचारला नाही.

तेवढ्यात बेल वाजली. दारात सुयोग होता.

"काका-काकूंना सोनं द्यायला आलोय," तो म्हणाला. "तुला नाही."

"आत ये. एक गोष्ट दाखवायचीय."

"का? आता काय हरवलं तुझं?"

यज्ञेशने माझे दोन तुकडे त्याच्यापुढे धरले. सुयोग वाकून बघत राहिला.

"आयला. हा बाबांच्या ब्रशचा केस ना रे?"

"हो."

"बाबा किती ओरडले होते मला, ब्रश लाल केला म्हणून!" तो हसला आणि लगेच थांबला. "बघितलंस ना आता?"

"तेव्हाच सांगायचंस ना मला."

"चोर म्हटल्यावर काय भाषण ठोकू?"

"चुकलं माझं, सुयोग."

"मला एकट्याला नको सांगू. जिथे टाकलं होतंस तिथे टाक."

यज्ञेशने फोन घेतला आणि लिहायला लागला: 'सुयोगने कॅसेट बदलली नव्हती. ती पहिल्यापासूनच'

"अरे सुयोग, कधी आलास?" गॅलरीतून काका आत आले. त्यांची नजर माझ्यावर पडली. "आणि हे काय? माझी सिंगापूरची कॅसेट फोडलीत की काय?"

यज्ञेशचा अंगठा तिथेच थांबला. "बाबा, ही..."

सुयोगने एकदा यज्ञेशकडे पाहिलं, एकदा काकांकडे. मग तो वाकून काकांच्या पाया पडला आणि त्यांच्या हातात आपट्याची पानं ठेवली.

"फोडली नाही काका, साफ करतोय. सोनं घ्या."

"चालते अजून?"

"चालणार नाही तर काय? ओरिजिनल आहे."

काका माझ्याकडे बघत राहिले. दुकानातली ती संध्याकाळ त्या घरात आम्हा दोघांनाच ठाऊक होती. "हो," ते हळूच म्हणाले, "ओरिजिनलच मागितली होती त्याने." आणि पानं देवापुढे ठेवायला वळले.

यज्ञेशने अर्धं वाक्य पुसलं आणि नव्याने लिहिलं: 'सुयोगने कॅसेट बदलली नव्हती. मी न उघडताच बोललो. त्याची सगळ्यांसमोर माफी मागतो.' ते पाठवून त्याने सुयोगला पुन्हा ग्रुपमध्ये घेतलं आणि फोन त्याच्यापुढे धरला. सुयोगने ते सावकाश वाचलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "सेल आहेत का घरात, की नुसतीच पुसत बसणार?"

शर्मिष्ठाने टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून दिले. मला पुन्हा बंद करून यंत्रात खोचलं. पहिली पाळी काकांना मिळाली. त्यांनी आयुष्यात हा खेळ खेळला नव्हता. पिवळ्या टोपीवाला दोन पावलं चालला आणि थेट खड्ड्यात पडला.

"मेलात काका, द्या इकडे!" सुयोग ओरडला.

"सणासुदीला काय बोलता रे!" कुंदाताई स्वयंपाकघरातून कडाडल्या.

"अजून दोन जीव दाखवतोय तो," काका यंत्र छातीशी धरत म्हणाले. "मी देणार नाही."

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू तुमच्याही घरात असेल. तिच्यात फुंकर मारू नका, ओलावा आत जातो. कोरड्या कपड्याने पुसा, आणि ठेवून देताना यंत्रातले सेल काढून ठेवा. खरं-खोटं ओळखायला जरूर शिका. यज्ञेशसारखी नजर असणं चांगलंच आहे, ती त्याला लहानपणीच असती तर मालाडच्या त्या दुकानात काकांनी मला घेतलंच नसतं. पण वस्तूवरून माणसाला खोटं ठरवायची वेळ आली, तर आधी स्क्रू काढा, घरच्यांना विचारा, त्या माणसाला घरी बोलवा. आणि एवढं करून जे कळेल ते सगळंच मोठ्याने सांगायलाही हवं असं नाही.

बाकी मला काही नको. थोडा वेळ यंत्रातच राहू द्या. काकांची पाळी अजून संपलेली नाही.