भुईलगतची खिडकी

मित्रांनो, तुम्ही माझ्यातून बाहेर बघता, पण माझ्याकडे कधी बघत नाही. आज जरा बघा. मी सागवानाची जुनी खिडकी. दोन झडपा, पाच गज, वय सत्तरीच्या पुढे. स्वभावाने थोडी हट्टी आहे, तेही आताच सांगून ठेवते.

गारगोटीजवळच्या एका गावात, शाळेसाठी माझा जन्म झाला. तेव्हा मुलं बाकावर नाही, बस्करावर बसायची. म्हणून सुताराने एका मुलीला भिंतीशी मांडी घालून बसवलं, तिच्या कमरेपाशी खडूने रेघ ओढली आणि तिथेच मला बसवलं. वारा आत यायचा तो थेट मुलांच्या तोंडावर. तपासणीला आलेले साहेब म्हणायचे, "वर्ग गार आहे हो तुमचा." गुरुजी खुशीत हसायचे. माझं नाव मात्र कुणी घेतलं नाही.

पुढे नवी इमारत झाली आणि मी कोल्हापुरात जुन्या लाकडाच्या वखारीत येऊन पडले. सहा वर्षं भिंतीला टेकून, तीही उलटी! एकाने तर मला बंबात घालायला मागितलं. त्या दिवशी मी खरंच घाबरले होते.

मग मुरगूडहून सोनम आली. बांधकामाची पदविका घेतलेली, हातात टेप, डोक्यात एकच काम. तिची आई मीनाबाई पत्र्याच्या घरात भुईवर बसून वाकळा, म्हणजे चिंध्यांच्या गोधड्या, शिवायची. गेल्या उन्हाळ्यात शिवता शिवता ती दोनदा चक्कर येऊन पडली. मुलगा प्रसेनजीत पुण्याला नोकरीला. तो म्हणाला, आईला घेऊन जातो. मीनाबाईला गाव सोडायचं नव्हतं, पण मुलाला नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं होतं. तेव्हा सोनमने भावाला शब्द दिला, "परड्यात गार खोली बांधतो. एप्रिलात ये. तवा बी आईला सोसलं न्हाय, तर ने."

खोली छोटीच, पण सगळी जुन्या सामानाची. पाडलेल्या गुऱ्हाळाची मंगळुरी कौलं, कुणाच्या तरी पडक्या गोठ्याच्या विटा, वखारीतून विकत घेतलेली मी, दिवसा दिवा लागू नये म्हणून छपरात दोन काचेची कौलं. गरम हवा निघून जायला वर झरोका. पंख्याशिवाय भागलं पाहिजे, असा सोनमचा हिशोब. जोतीराम मिस्त्रींनी मला रिवाजाप्रमाणे तीन फूट उंचीवर बसवलं. मला आतून कळलं की हे चुकलंय, पण माझं ऐकतो कोण?

एप्रिल उजाडला. पहिल्याच दुपारी मीनाबाई वाकळ घेऊन बसली आणि घामाने निथळली. वारा येत होता, पण तिच्या डोक्यावरून जात होता. पाणी प्यायला ती उठली आणि थबकली.

"सोनम, हितं उभं ऱ्हायलं की गार लागतंय की गं! खाली बसलं की पुन्हा उकडतंय."

सोनम आधी माझ्यासमोर उभी राहिली, मग मांडी घालून बसली. बराच वेळ बसली. मग तिने मिस्त्रींना फोन लावला.

"मिस्त्री, चूक माझी हाय. माप मी उभ्या माणसाचं दिलं. आई घरात उभी कवा असत्या? खिडकी भुईलगत घ्यायची."

जोतीराम मिस्त्री आले ते कपाळावर आठ्या घेऊनच. "आवं ताई, खिडकी काय कोंबड्यांसाठी बसवायची हाय व्हय? लोकं मला हसतील. साप शिरंल. आन् आता काढाय गेलो तर चौकट फुटंल. त्यापरास नवी ॲल्युमिनियमची घ्या."

"बारीक जाळी लावू. हसणाऱ्यांना माझ्याकडं धाडा. पर खिडकी हीच, आन् खालीच."

छिन्नी लागली तसं माझं अंग ठणकलं. एका सांध्यात बारीक चीर गेली. पण मी ठरवलं होतं, या पोरीचा शब्द माझ्यामुळे मोडायचा नाही. मी घट्ट धरून राहिले. संध्याकाळपर्यंत मी जमिनीपासून वीतभर उंचीवर आले, वरचं भोक विटांनी बुजलं, आणि जोतीराम मिस्त्री स्वतःच माझ्यापुढे फतकल मारून बसले. "व्हय की," एवढंच म्हणाले.

रविवारी प्रसेनजीत आला. आईसाठी मोकळी बॅग घेऊनच आला होता. "जय भीम आई, भर सामान. दुपारची गाडी हाय." जेवण झाल्यावर तो आईशेजारी वाकळेवर टेकला. बाहेर ऊन रणरणत होतं. मी दोन्ही झडपा उघडून, शेजारच्या चिंचेखालचा वारा जेवढा घेता येईल तेवढा आत घेत होते. बोलता बोलता त्याचे डोळे मिटले.

सोनम त्याला उठवायला वाकली. मीनाबाईने तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. गाडी चुकू दे त्याची."

मित्रांनो, जुनी वस्तू घरी आणलीत तर तिला तेलपाणी करा, ऊन-पावसात टाकू नका. पण त्याआधी तिच्याजवळ जरा बसा आणि ती कुणाच्या मापाने घडली होती ते बघा. त्या दुपारी गाडी सुटली. प्रसेनजीत घोरत होता, आणि मोकळ्या बॅगेत मीनाबाई उरलेल्या चिंध्या भरून ठेवत होती.