मधला चेंडू

सीनेच्या वाळूत आम्ही व्हॉलीबॉलची जाळी बांधायचो ती उन्हाळ्यातच, नदी आटली की. वाळूची पट्टी अरुंद, म्हणून एका बाजूला दोघंच खेळायचे, आणि गुण गमावेल त्यानं पुढचा चेंडू टाकायचा. सरदार आणि त्याचा धाकटा भाऊ वली ही माझी सगळ्यात चांगली जोडी.

मुलांना मी सांगायचो, वाळूत धावत येऊन उडी मारू नका, पाय रुततात. आधी थांबा, मग दोन्ही पायांवर उडा. जोडीदाराला चेंडू उंच द्या, म्हणजे त्याला पोचायला वेळ मिळतो. दोघांच्या मधोमध चेंडू आला तर ज्याला घ्यायचा असेल त्यानं आधीच 'माझा' म्हणून ओरडावं.

हे शेवटचं वलीला जमेना. मधला चेंडू आला की तो एक पाऊल बाजूला सरकायचा.

"भैय्याच्या म्होरनं कसा घ्यायचा, गुरुजी? बेअदबी व्हती."

"घरी माझ्या ताटातली मटणाची बोटी पळवतो, तवा न्हाय व्हय बेअदबी?" सरदार म्हणाला.

"ती अम्मीच काढून देते."

सरदार हसत सुटला. मधले सगळे चेंडू तोच घेऊ लागला, आणि त्या उन्हाळ्यात काठच्या गावांत आमची जोडी कुणाकडून हरली नाही.

पुढच्या थंडीत सरदार तापानं गेला. विसाव्या वर्षी.

वली शाळेत येईना. उन्हाळा लागला तशी त्याची आई बिस्मिल्लाबी त्याला हाताला धरून नदीवर घेऊन आली. "ह्याला खेळवा, गुरुजी. दिवसभर भिताडाकडं तोंड करून बसतो. एक पोरगं मातीत गेलं, दुसरं घरात बसून चाललंय."

धनगराचा गोरोबा मी त्याला जोडीला दिला. वलीचे हात अजून तसेच होते, पाय हलके होते. पण मधला चेंडू आला की तो एक पाऊल सरकायचा आणि चेंडू दोघांच्या मधे वाळूत पडायचा.

"आरं, मला वाटलं तू घेतुस," गोरोबा म्हणायचा. एकदा मात्र त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "गुरुजी, ह्यो कुणाला वाट देतुय?"

मी रोज जाळीपलीकडे उभा राहून दोघांच्या मधेच चेंडू टाकत राहिलो. रागावलो नाही. "आज नाही तर उद्या," एवढंच म्हणायचो.

वैशाखात पलीकडच्या काठची जोडी खेळायला आली. शेवटी दोन्ही जोड्या बरोबरीत आल्या आणि वलीचं सरकणं समोरच्या धुळाप्पाच्या लक्षात आलं. तो प्रत्येक चेंडू मधेच टाकू लागला. एक पडला. दुसरा घ्यायला गोरोबा आडवा झेपावला आणि तोंडावर पडला. ओठ फुटला. बाही ओठाला लावून तो मुकाट्यानं जागेवर गेला. वलीकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

वली त्याच्या बाहीवरच्या रक्ताकडं बघत राहिला.

पुढचा चेंडू मधेच आला. वलीचा पाय बाजूला जाण्यासाठी उचललेला मला दिसला.

"माझा," तो ओरडला.

हात जोडून, गुडघ्यात वाकून त्यानं चेंडू उचलला, अगदी उंच. गोरोबा त्याच्या खाली पोचला, थांबला, दोन्ही पायांवर उडाला आणि त्यानं चेंडू पलीकडे वाळूत आपटला. आमची पोरं ओरडत उठली.

वली तिथंच उभा होता. मी जवळ गेलो.

"गुरुजी," तो हळूच म्हणाला, "आता भैय्याला जागाच उरली न्हाय."

इतके दिवस मी हेच शिकवत आलो होतो. त्याच्या पाठीवरची वाळू मी हातानं झाडली.

धुळाप्पा चेंडू घेऊन ताटकळला होता. वलीनं डोळे पुसले आणि तो जागेवर जाऊन उभा राहिला. या वेळी गोरोबाला चिकटून, मधे फट न ठेवता.